गीझर घेण्याआधी घरातली लाइन तपासा

हिवाळा आला की समुद्रपूर, हिंगणघाटच्या दुकानांत टाकी नसलेल्या इन्स्टंट गीझरची चौकशी सुरू होते. भावाची घासाघीस होते, पण लाइनचा विषय कोणी काढत नाही. आम्हीही काढला नव्हता. जोडणाऱ्याने कन्व्हर्टर प्लग लावून आमचा गीझर 6 अँपिअरच्या जुन्या सॉकेटवर चालू करून दिला. आठ दिवसांत प्लग काळा पडला. सॉकेट उघडले तर अर्थिंगची तारच नव्हती! तेव्हापासून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला हिशेब विजेचा. 3000 वॉटला 230 व्होल्टने भागले की सुमारे 13 अँपिअर येतात. म्हणून 16 अँपिअरचे सॉकेट आणि मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार हवी. ही तार किमान 2.5 चौरस मिलिमीटरची असावी. अंतर जास्त असल्यास 4 ची. 4500 वॉटचा गीझर 20 अँपिअरच्या आसपास घेतो, तो 16 च्या सॉकेटवर लावूच नये. स्विच पाणी उडणार नाही अशा जागी, शक्यतो न्हाणीघराबाहेर असावा.

दुसरी गोष्ट बचावाची. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, ही गफलत करू नये. अर्थिंग असेल तर गळती होताच वीज बंद होते. नसेल तर करंट कोणाच्या तरी अंगातून गेल्यावरच.

तिसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे व वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. अर्थिंगची तार न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला बांधू नये. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात, त्यांतून वीज जमिनीत जात नाही.

मीटरचा मंजूर भार कमी असल्यास महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

थान विकत घेताना आपण ते उलगडून पाहतो. गीझर घेतानाही तार, अर्थिंग आणि आरसीसीबी आधी पाहावे, पैसे नंतर मोजावेत. हा खर्च गीझरच्या किमतीतच धरावा. परवडत नसेल तर यंदा चुलीवरचे पाणी बरे.