पडद्यावरून पानाकडे : वाचनाच्या चित्रफितींविषयी काही निरीक्षणे

हिमायतनगरात माझ्या घरी दर रविवारी सकाळी आठ-दहा मराठी मुले वाचायला येतात. त्यांना मराठी येत नाही असे कोणी म्हणू नये. आजीशी भांडण्याइतकी ती उत्तम येते. पण पुस्तक हाती दिले की मुले गप्प होतात. शाळेत इंग्रजी आहे, हिंदी आहे, आणि २०१८ च्या कायद्यापासून तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची आहे. ते योग्यच आहे. ज्या मातीत राहायचे, तिची भाषा यायलाच हवी. मराठीला मात्र वेळापत्रकात जागा उरत नाही.

माझ्या घराजवळच तेलुगू अकादमी आहे. १९६८ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव तिचे अध्यक्ष होते. याच गृहस्थांनी ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. त्या इमारतीवरून जाताना मनात येते की आपट्यांची ती कादंबरी मुळातून वाचणारे एखादे मराठी मूल आता या भागातून निघेल का?

मुलांच्या हातातला फोन काढून घेऊन पुस्तक देण्याचा प्रयोग मी दोन वर्षे केला आणि हरले. मग फोनच कामाला लावला. गोष्टींच्या आणि पुस्तकांच्या मराठी चित्रफिती मुलांबरोबर बसून पाहू लागले. (शोधताना 'हिमायतनगर' असे लिहिले की यूट्यूब नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्यात नेऊन सोडते, हा वेगळाच त्रास.) पुढील निरीक्षणे त्या पाहण्यातून निघाली आहेत.

पुस्तकाची ओढ कानावाटे लावणे मराठीला नवे नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केले. ते ऐकलेला माणूस पुढे त्यांची पुस्तके आवाजासकट वाचत असे. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पाहून चिं. वि. जोशींकडे वळलेले वाचक माझ्या पिढीत पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६५ मध्ये 'जॅकनोरी' सुरू केले. त्यात एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसून पुस्तक वाचत असे, बस्स. अमेरिकेतील 'रीडिंग रेनबो' या १९८३ च्या कार्यक्रमाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात मुले स्वतः आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी सांगत. त्याकडे पुढे येतेच.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यात क्वेस्ट या संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम आहे. त्यात नट आश्रमशाळांत जाऊन बालसाहित्यातल्या गोष्टी सादर करतात आणि त्यांना जोडून वाचन-लेखनाचे काम होते. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यात पुढाकार घेतात. हा खेळ प्रत्यक्ष रंगतो, पडद्यावर नव्हे. तरी चित्रफीत करणाऱ्याने त्यापासून घेण्यासारखे एक आहे. गोष्ट रंगवून झाल्यावर मुलाला पुस्तकापर्यंत पोचवण्याचे काम उरते, याचे भान तिथे आहे. अनेक चित्रफितींत नेमके तेच सुटते. निवेदक गोड हसतो, पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखवतो, सगळे कथानक सांगून टाकतो आणि 'नक्की वाचा' म्हणतो. वाचायला उरले काय? माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे तोंडावरच विचारले.

मला सर्वांत उपयोग झाला तो पडद्यावर मजकूर दिसणाऱ्या फितींचा. ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास अशी कल्पना मांडली की हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द दाखवावेत, म्हणजे गाणे ऐकता ऐकता माणूस वाचू लागेल. त्याच विचारातून २००४ मध्ये बुकबॉक्स सुरू झाले. त्याच्या चित्रगोष्टींत जो शब्द उच्चारला जातो तो पडद्यावर रंग बदलतो.

हैदराबादच्या मुलांना याची गरज का, हे मला उशिरा कळले. यांची देवनागरी हिंदीतून आलेली. हिंदीत च एकच. आपल्याकडे 'चार' मधला वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. 'चमचा' म्हणताना एक आणि 'चमचे' म्हणताना शेवटी दुसरा. जगातला 'जग' आणि 'जग आणि जगू दे' मधला 'जग' लिहायला सारखे, बोलायला निराळे. घरी बोलताना ही मुले यात कधीच चुकत नाहीत. वाचताना मात्र 'चारा' हिंदीसारखा उच्चारतात आणि स्वतःच उच्चारलेला शब्द त्यांना ओळखू येत नाही. घरातला शब्द पानावर परका होतो! मी हे फळ्यावर समजावले तेव्हा कोणाला कळले नाही. पडद्यावर शब्द आणि आवाज एकदम आला तेव्हा एकाने मान वर केली आणि म्हणाला, "अरे, हा तर गाईचा चारा!"

म्हणूनच चित्रफीत करणाऱ्यांना विनंती, की आवाज आणि मजकूर यांत फरक नको. लिहिलेले 'केले' आणि वाचलेले 'केलं' मोठ्यांना खटकत नाही, नवशिक्या वाचकाला तिथे ठेच लागते. बोलल्यासारखे वाचायचे असेल तर अनुस्वार छापा. अक्षर मोठे ठेवा, पार्श्वसंगीत जवळजवळ नको.

हक्कांचेही पाहावे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे पुस्तकावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, चिं. वि. जोशी १९६३ मध्ये. यांचे लेखन संपूर्ण वाचून ध्वनिमुद्रित करायला आता हरकत नाही. आजच्या लेखकाचे अख्खे पुस्तक वाचून टाकायचे तर परवानगी घ्यावी. परीक्षणापुरता उतारा कायद्याला चालतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने आहेत. नामनिर्देश केला की पुरे.

गेल्या पावसाळ्यात मी 'रीडिंग रेनबो'ची युक्ती उचलली. प्रत्येकाने एका पुस्तकावर दोन मिनिटांची फीत करायची. एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि गोष्ट अडेल तिथे थांबायचे. पहिल्या फिती भयंकर झाल्या. मुले जाहिरातीतल्यासारखी बोलू लागली, 'हॅलो फ्रेंड्स' पासून सुरुवात. मी चेहरा दाखवायला बंदी केली. कॅमेरा फक्त पानावर, ओळीखाली फिरणारे बोट आणि मागे आवाज. त्यानंतर सुधारल्या. लाजरी मुलेही वाचू लागली, कारण चुकले तर पुन्हा वाचता येते आणि कोणी पाहत नाही. एकाने एक परिच्छेद अकरा वेळा मुद्रित केला. माझ्या वर्गात त्याने तो अकरा वेळा वाचला असता का?

या मुलाने चिमणरावांची गोष्ट घेतली होती. रविवारी ती फीत सगळ्यांना दाखवली. गोष्ट ऐन गोंधळात थांबली. "पुढे?" असा गलका झाला. त्याने कपाटाकडे बोट दाखवले. माझ्याकडे त्या पुस्तकाची एकच प्रत, पानेही सुटलेली. दोघी बहिणींनी ती एकदम धरली. तेव्हापासून एक वाचते आणि दुसरी चुका काढते, परवा फोनवर त्यांच्या आजी मला म्हणाल्या, "बाई, आता तिसऱ्यांदा चाललंय. मलाही पाठ व्हायला आलंय."