ओझ्याचा कुत्रा, पल्ल्याचा कुत्रा

बर्फावर स्लेजगाडी ओढणारे सगळे कुत्रे सारखे नसतात. अलास्कातील इन्युइट लोकांनी मॅलम्यूट जोपासला तो जड ओझे सावकाश ओढण्यासाठी. नराचे वजन सुमारे ३८ किलोग्रॅम. ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांना हलक्या भाराने लांबचा पल्ला गाठायचा असे. त्यांच्या कुत्र्यांपासून आलेला सायबेरियन हस्की फार तर २७ किलोग्रॅमचा.

पल्ल्यासाठी लहान कुत्रा का बरे? अडचण आहे ती उष्णतेची! स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी बराच मोठा भाग उष्णता होतो. बांधा तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर स्नायू दुप्पट होतात. त्यांनी त्याच प्रमाणात काम केले, तर उष्णताही दुप्पट. ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र १.६ पटच! (चारचे घनमूळ काढून पाहा.) त्यातून कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. सावकाश चालणाऱ्या मॅलम्यूटला उष्णता टाकायला सवड मिळते. शिवाय मुक्कामाच्या थंडीत तेच भारी शरीर ऊब टिकवते.

१९२५ साली अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली. तेव्हा स्लेजगाड्यांनी सुमारे १०८५ किलोमीटरवरून प्रतिविष साडेपाच दिवसांत पोहोचविले. त्यातला सर्वांत लांब टप्पा ओढणाऱ्या गाडीचा म्होरक्या टोगो हा हस्की होता, वजन जेमतेम २२ किलोग्रॅम.