शेगडीची निगा

घरांतील ज्या वस्तूवांचून एक दिवसहि निभत नाहीं, तिच्याकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी जातें. शेगडी ही अशीच एक वस्तु आहे. जेवण वेळेवर पानांत आलें म्हणजे तिची आठवण कोणास होत नाहीं. ती धुमसूं लागली, कीं मात्र आपण तिला नांवें ठेवतों. वास्तविक शेगडी धुमसते ती बहुधा स्वतःच्या दोषामुळें नव्हे, तर आपल्या हयगयीमुळें. या लेखांत आम्ही पेलेट जाळणाऱ्या शेगडीची रचना, तिची सफाई व तिची निगा यांविषयीं कांहीं उपयुक्त गोष्टी सांगणार आहों. विद्यार्थ्यांनीं त्या लक्षपूर्वक वाचाव्या आणि पालकांनीं त्या घरीं करून पाहण्यास मुलांस उत्तेजन द्यावें, अशी आमची विनंती आहे.

मुळा नदीच्या कांठचें आपलें वाकड हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव होतें. घरोघर मातीची चूल, तिच्या शेजारीं वैल, कोपऱ्यांत फुंकणी आणि अंगणांत सरपणाची रास असे. पाणी तापविण्यास बंब असे आणि कांहीं घरीं लाकडाचा भुसा ठासून भरलेली शेगडीहि असे. पुढें शेतांच्या जागीं उंच इमारती आल्या, शेजारीं हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि बहुतेक घरांत चुलीची जागा गॅसनें घेतली. तरी चुलीची ओळख अजून पुरती पुसली गेलेली नाहीं. सुटींत मावळांत किंवा मुळशीकडे आजोळीं जाणाऱ्या मुलांस ती अद्यापि भेटते. या चुलीचीच शिकलेली धाकटी बहीण म्हणजे पेलेट शेगडी होय. आणि तिचा तर आपल्या पुण्याशीं निकटचा संबंध आहे.

प्रथम पेलेट म्हणजे काय तें पाहूं. भुईमुगाचीं टरफलें, उंसाचीं चिपाडें, लाकडाचा भुसा असा टाकाऊ माल वाळवून बारीक दळतात आणि यंत्रांत मोठ्या दाबानें दाबून त्याच्या लहान कांड्या पाडतात. या कांड्यांची जाडी बहुधा ६ ते ८ मिलिमीटर असते. त्यांत निराळा डिंक घालण्याची सहसा गरज नसते. वनस्पतींत लिग्निन नांवाचें एक द्रव्य असतें. तें दाबाच्या उष्णतेनें मऊ होतें व थंड होतांच भुशाचे कण एकमेकांस घट्ट धरून ठेवतें. परंतु हेच पेलेट पाण्यानें भिजले, कीं फुगतात आणि त्यांचा पुनः भुसा होतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

बीपी या ब्रिटिश कंपनीनें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्यानें ‘ऊर्जा’ नांवाची घरगुती पेलेट शेगडी सिद्ध केली. २००६ सालापासून ती महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडु या प्रांतांतील घरांत जाऊं लागली. २००९ सालीं हा व्यवसाय पुण्याच्या ‘फर्स्ट एनर्जी’ या कंपनीकडे आला. या शेगड्या सुमारें चार लाख खपल्या. परंतु शेतांतील टाकाऊ मालास इतरत्रहि मागणी वाढूं लागली, पेलेट महागले, आणि पुष्कळ घरांतील शेगड्या थंड पडल्या. मग कंपनीचें लक्ष हॉटेलें व मोठीं स्वयंपाकघरें यांकडे वळलें. चांगली शेगडी निर्माण करणें हें अर्धेंच काम आहे; ती नित्य चालती ठेवणें हें उरलेलें अर्धें काम होय, हा धडा यांतून घेण्याजोगा आहे.

आतां शेगडीची रचना पाहूं. ती म्हणजे एक उभें नळकांडें असतें. त्याच्या आंत उष्णता सोसणारें अस्तर, तळाशीं भोंकांची लोखंडी जाळी, वरच्या कांठाखालीं भोंकांची एक रांग, आणि बुडाशीं बॅटरीवर चालणारा लहान पंखा असतो. पेलेट वरच्या भोंकांच्या खालपर्यंतच भरावयाचे आणि विस्तव लावावयाचा तो खालून नव्हे, तर वरून. वरचा थर पेटला म्हणजे त्याच्या उष्णतेनें लगतच्या खालच्या थरांतून ज्वालाग्राही वायु निघूं लागतो. जाळींतून येणारी थोडी हवा हें काम चालूं ठेवते आणि वरच्या भोंकांतून येणारी हवा त्या वायूस जाळून टाकते. अमेरिकेंत टॉम रीड यांनीं १९८५ च्या सुमारास या युक्तीवर काम आरंभिलें. धूर म्हणजे तरी काय? न जळलेलें इंधनच होय. चुलींत तें इंधन वायां जातें आणि डोळ्यांस व छातीस त्रास देतें; या शेगडींत तेंच जळून अन्न शिजवितें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. ही शेगडी जितकी पेलेटवर चालते, तितकीच हवेवर चालते. आजीच्या हातांतील फुंकणीचें काम येथें पंखा करतो. परंतु वाटाच बुजल्या असतील, तर फुंकणारा कितीहि फुंको, त्याचा उपयोग नाहीं. म्हणून शेगडीची सफाई म्हणजे केवळ तिचें रूप उजळ करणें नव्हे. तिच्या हवेच्या वाटा मोकळ्या ठेवणें होय. पुढील सर्व सूचना या एकाच तत्त्वांतून निघाल्या आहेत.

नित्याची सफाई. ही सकाळीं, शेगडी पेटविण्यापूर्वीं करावी. शेगडी पूर्ण थंड झाली आहे ना, हें आधीं पाहावें आणि पंख्याची कळ बंद करावी. आंतील राख पत्र्याच्या झांकणाच्या डब्यांत ओतावी. राखेखालीं निखारा कित्येक तास जिवंत राहूं शकतो. म्हणून राख प्लास्टिकच्या बादलींत, कागदाच्या पिशवींत किंवा केराच्या ढिगावर कधींहि टाकूं नये. मग जाळीवर वितळून गोठलेले राखेचे कठीण गोळे दिसतील. त्यांस खंगर म्हणतात. ते चिमट्यानें उचलावे आणि जाळीचें प्रत्येक भोंक बारीक तारेनें मोकळें करावें. वरच्या रांगेंतील भोंकेंहि तारेनें साफ करावीं. पुष्कळ लोक तीं विसरतात, आणि नेमका धूर तेथूनच आरंभ होतो. आंतल्या अस्तरावर पाणी ओतूं नये. तापलेलें अस्तर पाण्यानें तडकतें आणि थंड अस्तर पाणी शोषून घेतें. मऊ कुंचा पुरे.

आठवड्याची सफाई. भांडें ठेवण्याच्या बैठकीखालीं जमलेली काजळी खरवडून काढावी. पंख्याच्या तोंडाशीं धूळ, केस व राखेचे कण ओढले जातात. ते कोरड्या कुंच्यानें झाडावे. शेगडी जमिनीवर न ठेवतां एखाद्या फरशीवर किंवा पक्क्या ओट्यावर ठेविली, तर हा त्रास निम्मा कमी होतो. बॅटरी पुरती भरलेली आहे कीं नाहीं, हें पाहावें. पंखा मंद झाला, कीं ज्वाळ पिवळी होऊन धूर धरूं लागते. भांड्यांच्या बुडाला बाहेरून मातीचा पातळ लेप देण्याची आपल्या आज्यांची रीत येथेंहि उपयोगी पडते. काजळी लेपाबरोबर सहज निघून जाते.

महिन्याची तपासणी. अस्तरास भेगा पडल्या आहेत काय, जाळी वांकली किंवा झिजली आहे काय, स्क्रू सैल झाले आहेत काय, हें उजेडांत पाहावें. पावसाळ्यापूर्वीं ही तपासणी अवश्य करावी. कारण गंज तेव्हांच धरतो.

शेगडीस वाचा नाहीं. परंतु तिचीं लक्षणें बोलकीं असतात. ज्वाळ एकाच बाजूस उठत असेल, तर जाळीची दुसरी बाजू बुजली आहे असें समजावें. आरंभापासून पांढरा धूर येत असेल, तर पेलेट दमट आहेत. भांड्यावर फार काजळी धरत असेल, तर पेलेट वरच्या भोंकांपर्यंत भरले आहेत, किंवा तीं भोंकें बंद आहेत. पंख्याचा आवाज बदलला, तर त्यांत धूळ गेली आहे. वैद्य नाडी पाहतो, तसें शेगडीच्या ज्वाळेकडे पाहण्यास शिकावें.

इंधनाविषयीं दोन शब्द. पेलेट जमिनीपासून उंच, झांकणाच्या पिंपांत ठेवावे. ओल लागलेले पेलेट भुसा होऊन जाळीचीं भोंकें बुजवितात. सर्व पेलेट सारखे नसतात. स्वच्छ लाकडाच्या पेलेटची राख वजनानें शेंकडा एकाच्या आसपास असते. भाताच्या तुसांत मात्र ती शेंकडा पंधरा ते वीसपर्यंत असते. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग वडील माणसांच्या देखरेखीखालीं घरीं करावा. ५०० ग्रॅम पेलेट तोलून जाळावे, कोळसाहि पुरता जळूं द्यावा, आणि थंड झालेली राख तोलावी. राख १० ग्रॅम भरली, तर तें प्रमाण शेंकडा २ झालें. ५० ग्रॅम भरली, तर शेंकडा १० झालें. दुसऱ्या प्रकारच्या पेलेटनें जाळी पांचपट लवकर भरणार, हें मग निराळें सांगावें लागणार नाहीं. आपल्या औद्योगिक भागांत मोडक्या लाकडी पेट्या व फळ्या सहज मिळतात. त्यांतील रंग दिलेल्या फळ्या व प्लायवुड यांचे तुकडे कोणत्याहि शेगडींत घालूं नयेत. त्यांतील रंग व सरस यांचा धूर विषारी असतो.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. पेलेटमधील वायु जळून संपला, कीं शेवटीं नुसते निखारे उरतात. धूर दिसत नाहीं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. परंतु निखाऱ्यांतून याच वेळीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अधिक निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांस झोंबतहि नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें या वायूस घट्ट धरतें. मग शरीरास प्राणवायु मिळेनासा होतो. डोकें दुखणें, मळमळणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें होत. तसें झाल्यास तत्काळ सर्वांनीं उघड्या हवेंत यावें व डॉक्टरांस दाखवावें. थंडीच्या रात्रीं निखाऱ्यांची शेगडी खोलींत घेऊन, दारें-खिडक्या लावून निजणें म्हणजे मृत्यूस घरांत बोलावणें होय. शेगडी नेहमीं हवा खेळती असेल तेथेंच पेटवावी.

थंड देशांत पेलेटच्या शेगड्या स्वयंपाकासाठीं नव्हे, तर घर उबदार ठेवण्यासाठीं वापरतात. युरोप-अमेरिकेंत राहणाऱ्या आपल्या नातलगांपैकीं कोणाच्या घरीं ती असूं शकेल. ती शेगडी यंत्रानें आपोआप पेलेट घेते, परंतु तिचीहि जळणाची वाटी वरचेवर साफ करावी लागते आणि धुराडें वर्षांतून एकदां जाणत्या माणसाकडून झाडून घ्यावें लागतें. तिच्या दारांत कागदाची पट्टी धरून दार लावतात. पट्टी सहज ओढून निघाली, तर दाराची दोरी झिजली असें ओळखतात. यंत्र कितीहि शहाणें असलें, तरी राख काढणारा हात त्यास लागतोच.

आपल्या देशांतील अनुभवहि हेंच सांगतो. १९८३ पासून सुमारें वीस वर्षें सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना चालविली आणि तींत तीन कोटींहून अधिक चुली घातल्या गेल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं धुराडीं काजळीनें भरलीं, फुटलेले भाग बदलले गेले नाहींत, आणि लोक पुनः जुन्या चुलीकडे वळले. पुण्याची ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था १९९६ सालीं स्थापन झाली. तिचें साहाय्य घेऊन फिलिप्स कंपनीनें पुढें जी कमी धुराची चूल आंखली, तींत धुराडें साफ करण्याच्या सोयीकडे मुद्दाम लक्ष दिलें होतें. शहाणा कारागीर वस्तु घडवितांनाच तिच्या सफाईचा विचार करतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

हें सारें आम्ही इतक्या विस्तारानें कां सांगतों? कारण यांत माणसांच्या श्वासाचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका वर्षांत घरांतील धुरानें जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. त्यांत पांच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुलें होतीं. हा धूर सर्वांत अधिक कोणाच्या वांट्यास येतो? जी शेगडीपाशीं उभी असते तिच्या, आणि तिच्या कडेवरील मुलाच्या. स्वयंपाक बहुधा आई करते. मग राखहि तिनेंच कां काढावी? जाळीचीं भोंकें मोकळीं करण्यास दहा मिनिटें लागतात, आणि तें काम मुलगा असो वा मुलगी, वरच्या वर्गांतील कोणासहि जमण्यासारखें आहे. एका वहींत तारीख, भरलेले पेलेट, निघालेली राख आणि आढळलेला दोष यांची नोंद ठेविली, तर तें विज्ञानाचेंहि शिक्षण होईल.

गार झालेली स्वच्छ लाकडी राख थोडी थोडी बागेंत घालावी. ती खारट व दाहक असते, म्हणून एकाच झाडास फार घालूं नये, आणि ओली राख उघड्या हातानें हाताळूं नये.

असो. जुन्या घरांत दररोज चूल सारवल्याशिवाय तींत विस्तव घालीत नसत. शेण-मातीच्या त्या पोतेऱ्याची जागा आतां कुंचा व तार यांनीं घेतली आहे. परंतु त्यामागील नेम बदललेला नाहीं. ज्या घरांत शेगडीची राख रोज निघते, त्या घरांतील डोळे धुरानें चुरचुरत नाहींत व इंधनहि कमी लागतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें काम लहान समजूं नये आणि उद्यां सकाळपासूनच तें आपल्या अंगावर घ्यावें.