दत्तक-पालक योजना : मदत हवी, पण मुलाच्या मानाचं काय?



जून महिना आला की शाळेत फोन सुरू होतात. "मॅडम, एखादं गरीब, हुशार मूल सांगा. वर्षाचा खर्च आम्ही करतो." आपल्या वसई-विरारमध्ये असे दाते कमी नाहीत. कोणी सोसायटीतर्फे देतं, कोणी आईच्या स्मरणार्थ देतं. मनापासून देतात आणि त्याची गरजही आहे. तरीही फोन ठेवल्यावर मनात थोडी चलबिचल होते. ती का होते, हे आज नीट मांडून पाहू.

हे 'दत्तक' म्हणजे काय?

कायद्याने मूल दत्तक घेणं वेगळं. इथे मूल आपल्या आईवडिलांकडेच राहतं, दाता फक्त खर्चाचा वाटा उचलतो. महाराष्ट्रात शिक्षण विभागाने १९८३ साली 'सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजना' सुरू केली. गरीब घरातल्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून दात्याने दरमहा २५-३० रुपये द्यायचे, अशी ती साधी कल्पना होती. जगात ही पद्धत त्याहून जुनी आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात निराधार झालेल्या मुलांसाठी 'पालक' शोधले गेले, तिथून ती मोठ्या संस्थांमध्ये रुजली.

याचा उपयोग होतो का?

होतो, हे आधी स्पष्ट सांगते. भारतासह सहा देशांत केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अशी मदत मिळालेली मुलं, न मिळालेल्यांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यात दिसलं. एक वर्ष म्हणजे थोडं वाटेल, पण सातवीत थांबणारी मुलगी आठवीत गेली, तर तिच्या घरात तो मोठाच फरक असतो.

मग खटकतं काय?

पहिली गोष्ट पत्राची. मी स्वतः एका संस्थेमार्फत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीसाठी दरमहा पैसे भरते. दिवाळीला तिचं पत्र येतं. "आपल्या सहकार्यामुळे माझे जीवन उजळून निघाले आहे." तिसरीतलं मूल असं बोलतं का हो? फळ्यावरचा मजकूर उतरवलेला आहे, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाला एका नजरेत कळेल. मला हवं होतं ते त्यात नव्हतंच: ती रोज शाळेत जाते का? वाचायला येतं का? तिला आवडतं काय? पैसे मी अजून भरते, पण पत्र नको असं संस्थेला कळवलंय. आभार मानणं हा त्या मुलीचा गृहपाठ होऊ नये.

दुसरी गोष्ट विश्वासाची. १९९८ साली 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकन वृत्तपत्राच्या पत्रकारांनी स्वतः काही मुलांचा खर्च उचलला आणि मग ती मुलं शोधायला ते गेले. आफ्रिकेतल्या माली देशातली एक मुलगी वारलेली होती, तरी तिच्या नावाने पैसे घेणं चालूच होतं. शिवाय अनेक मोठ्या संस्था हा पैसा एका मुलाच्या हातात देत नाहीत, गावाच्या कामाला वापरतात. ते चुकीचं नाही, कदाचित जास्त बरंच आहे. पण मग फोटो एका मुलाचा दाखवायचा कशाला?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. दात्याला कसं मूल हवं असतं? हुशार, नियमित, दरवर्षी प्रगतिपुस्तक दाखवणारं. आता आपल्या तालुक्याचा पूर्वपट्टा डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. लहान भावंडाला सांभाळायला मोठी मुलगीही सोबत जाते. हजेरीपटावर ती 'अनियमित' ठरते आणि दात्याच्या यादीतून तिचं नाव आपोआप गळतं. म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तीच बाहेर.

आपल्याच जिल्ह्यातला दुसरा मार्ग

या मुलींसाठी काम झालंय, पण वेगळ्या रीतीने. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसई भागात वीटभट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची तात्पुरती झोपडी. त्याआधी डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. यात एक मूल निवडून बाकीच्यांना वगळलेलं नाही. मुलं होती तिथे शाळा गेली.

आपण काय करू शकतो?

१. दात्याला एक मूल नको, एक गरज सांगा. रिक्षाभाडं, चष्मे, वह्या, किंवा वर्गातल्या सगळ्यांसाठी दप्तरं. एका बाकावरच्या दोघींपैकी एकीलाच नवं दप्तर मिळालं, तर दुसरी विचारते, "बाई, माझा फोटो कधी काढणार?" याला उत्तर देणं कठीण असतं.

२. मदत एकाच मुलाला द्यायची असेल तर ती मुख्याध्यापकांमार्फत, गुपचूप द्या. स्टेज नको, फ्लेक्स नको, ग्रुपवर फोटो नको.

३. दात्याला हिशोब जरूर द्या. पावती, खर्चाचा तपशील, हजेरीचा आकडा. तो त्यांचा हक्क आहे. मुलाच्या घरची कहाणी हा मात्र त्यांचा हक्क नाही.

४. आधी सरकारी योजना तपासा. आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करा. या पैशांसाठी मुलाला कोणाला आभाराचं पत्र लिहावं लागत नाही, कारण तो त्याचा हक्क असतो.

५. स्थलांतर करणाऱ्या मुलाला निघताना शिक्षण हमी पत्रक द्या आणि तिकडच्या शाळेतल्या शिक्षकांना एक फोन करा. याला काहीच खर्च नाही.

पालकहो, म्हणून देणं थांबवू नका. फक्त देताना एक प्रश्न स्वतःला विचारा: हे मूल माझं स्वतःचं असतं, तर त्याने अनोळखी माणसासमोर हात जोडून उभं राहावं, असं मला वाटलं असतं का? उत्तर 'नाही' असेल, तर कशी मदत करायची ते आपोआप कळेल.