दावे सोडा, हौद भरा

उन्हाच्या झळा सुरू झाल्या की दूध उत्पादकांच्या दोन तक्रारी हमखास कानावर येतात. दूध घटले आणि गोठ्यावर काम करायला माणूस मिळत नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे, दिवसभर दावणीला बांधलेली गाय. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. १५ लिटर दूध देणारी संकरित गाय भर उन्हाळ्यात दिवसाला ८० लिटर पाणी सहज पिते. अशा दहा गायींना ८०० लिटर लागते, म्हणजे १५ लिटरच्या बादलीने पन्नासहून जास्त खेपा. इतक्या खेपा रोज कोणाच्याही हातून होत नाहीत. सकाळ-संध्याकाळ बादली दाखवली की पाणी पाजले असे धरले जाते. दुपारी दोनला पत्रा तापलेला असतो, गाय मान लांबवून धापा टाकते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात आणि भरलेले पिंप वीस फुटांवर असते. तिथवर तिला जाऊ न देणारे दावे आपणच बांधलेले आहे.

यावर जे घरगुती इलाज चालतात, ते आता थांबवले पाहिजेत. बंदिस्त गोठ्यात भर दुपारी पाइपने पाणी मारल्यास हवा खेळत नसल्याने दमटपणा वाढतो आणि जनावराच्या अंगातली उष्णता आणखी कोंडते. पाणी मारायचे तर पंखा किंवा मोकळा वारा हवाच. उष्णता उतरावी म्हणून पाट्या भरभरून कांदा चारणे तर घातकच आहे. कांदा जास्त पोटात गेला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते आणि जनावर दगावूही शकते. माणूस मिळत नाही म्हणायचे आणि मिळालेल्या माणसाचे तास असल्या कामांत घालवायचे, हे परवडणारे नाही.

उपाय मुक्तसंचार गोठ्याचा आहे. गायीमागे साधारण ४० चौरस फूट छत आणि ८० चौरस फूट मोकळे आवार धरले, तर दहा गायींना गुंठ्याहून थोडी जास्त जागा पुरते. कुंपणाला बांबू चालतो, सावलीला कडुनिंब उत्तम. सावलीत हौद बांधून आतून चुना लावला की पन्नास खेपा संपल्या. कोरड्या दिवसांत मोकळ्या आवारातले शेण रोज उचलावे लागत नाही. गव्हाण रात्री नऊला कुट्टीने भरून ठेवली की गायी गारव्यात आपापल्या वेळेने चारा खातात, त्यासाठी कोणी उठायला नको. अख्खा कडबा मात्र टाकू नका. पाला खाल्ला जातो, धांडे तुडवले जातात आणि ते गोळा करायला पुन्हा माणूस लागतो.

मोकळ्या गायी मारामारी करतात, हा आक्षेप खरा आहे, पण पहिल्या काही दिवसांपुरता. शिंगाळ आणि मारकी जनावरे वेगळी ठेवा, गव्हाणीवर प्रत्येकीला अडीच फूट जागा द्या. कोणी किती खाल्ले ते कळत नाही म्हणणाऱ्यांनी पेंड धारेच्या वेळी बांधून घालावी. पावसाळ्यातल्या चिखलाची भीतीही रास्त आहे. म्हणून आवाराला उतार आणि छताखाली पक्की, खडबडीत जमीन आधीच करून घ्यावी लागते.

वाचलेला वेळ कुठे घालवायचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो माज पाहण्यात घाला. उन्हाळ्यात माज थोडा वेळ टिकतो, मंद असतो आणि बरेचदा रात्रीच येतो. दावणीच्या गायीत तो सहज दिसत नाही, मोकळ्या गायी एकमेकींवर उड्या मारून तो दाखवतात. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा, पेंड आणि मजुरी अंगावर पडते. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी अर्धा-अर्धा तास गोठ्यात नुसते उभे राहून पाहणे, हे उन्हाळ्यात गोठ्यावरचे सर्वांत मोलाचे काम आहे. कुंपणाचे खड्डे आणि हौद पावसाआधीच उरकावे लागतात, तेव्हा याच आठवड्यात सुरुवात करा.