कोपऱ्यातलं नाव पुरत नाही

नवीन जालन्यात आम्हा फोटोग्राफरांचं काम लग्नापुरतं उरलेलं नाही. बियाण्याच्या पाकिटावरचं कणीस, स्टील कारखान्यातली तापलेली सळई, मोसंबीची बाग, सगळ्याचे फोटो लागतात. असाच मी काढलेला एका बागेचा फोटो एका रोपवाटिकेच्या फलकावर भला मोठा छापलेला दिसला. माझ्या नावाची खालची पट्टी कापलेली आणि बाग आपल्याच रोपांची असल्याचा दावा. त्या फोटोवर विसंबून शेतकरी रोपं नेणार, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त होता.

फलक उतरला तो मूळ फाइलमुळे. कॅमेऱ्यातली रॉ फाइल आणि तिच्या मागचे-पुढचे फोटो समोर ठेवल्यावर वाद उरला नाही. म्हणून नव्या मुलांना मी आधी हेच सांगतो: मूळ फाइल कुणाला देऊ नका आणि स्वतःही पुसू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फाइलमधली तारीख-कॅमेऱ्याची माहिती गळून जाते.

ओळख आणि राखण ही वॉटरमार्कची, म्हणजे फोटोवर घातलेल्या नावाची किंवा खुणेची, दोन वेगळी कामं आहेत. ओळखीसाठी लहान, स्वच्छ, कायम एकाच वळणाचं नाव पुरे. याचं जुनं उदाहरण म्हणजे राजा दीनदयाळ, निजामाचे छायाचित्रकार. जालनाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. त्यांच्या कित्येक प्रतींवर नाव आणि क्रमांक निगेटिव्हवरच घातलेले दिसतात. ही क्रमांकाची सवय जरूर उचला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नमुन्यावर वेगळा क्रमांक असला, की फोटो कुणाकडून बाहेर गेला ते वहीत सापडतं.

राखणीसाठी मात्र खूण फळांवरून, पानांच्या गर्दीतून, शालूच्या जरीवरून जाऊ द्या. मोकळ्या आभाळावरची खूण सहज पुसली जाते. 2017 साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पुष्कळ फोटोंवर एकच खूण असेल तर संगणक ती ताडून आपोआप काढतो. नुसती जागा बदलून भागत नाही. दर फोटोत खुणेचा आकार किंचित वाकवला तर काढलेल्या जागी तिचे माग राहतात. आता तर मोबाइलवरही खुणा पुसता येतात. त्यामुळे निवडीचे नमुने लहान आकारातच पाठवा, छपाईची फाइल हिशेब मिटल्यावर.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण पुरता नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 65-ब नुसार हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचं कलम 17 मात्र आमच्यातले बरेच जण वाचत नाहीत. गिऱ्हाइकाने सांगून, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा असतो. मग त्यावर नाव कुणाचंही असो. तेव्हा ॲडव्हान्स घेतानाच अर्ध्या पानावर लिहून घ्या: हक्क कुणाचा, फोटो कुठे वापरायचा, नाव कुठे येणार, आणि नवरीचा फोटो आपल्या दुकानाच्या जाहिरातीत लावायला घरच्यांची परवानगी आहे का.