घरी बांधलेल्या विमानाची शेपटी

अमेरिकेत हौशी नागरिकांनी स्वतः बांधलेल्या विमानांना कायद्याची मान्यता आहे. मात्र बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी मंडळींनीच केलेले असावे लागते. ओरेगॉन राज्यात १९७३ साली स्थापन झालेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी अशा विमानांचे सुटे भाग संचरूपाने पुरविते.

बांधणीचा प्रारंभ बहुधा शेपटीपासून होतो. भाग लहान असल्याने हात बसतो आणि बिघडलेला भाग बदलणे फारसे खर्चाचे नसते.

शेपटीच्या स्थिर भागांना मागील बाजूस बिजागऱ्यांनी हलते भाग जोडलेले असतात. उभे सुकाणू विमानाचे नाक डावीउजवीकडे वळविते, तर आडवे एलिव्हेटर नाक वर-खाली करतात. त्यांचे कवच सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियम पत्र्याचे असते. प्रथम त्यास आतून ताठपणा देणाऱ्या पट्ट्या रिव्हेटने बसवितात. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत कराव्या लागतात. कारण खडबडीत कडेपासून पुढे तडा जाऊ शकतो. पत्रा दुमडण्यापूर्वी पट्ट्यांच्या टोकांशी सिलिकोन रबराचा थेंब ठेवतात. त्यामुळे कंपनाने तेथे पत्रा तडकण्याचा धोका कमी होतो.

सर्वांत महत्त्वाचा असतो तो तोल. हलत्या भागाचे वजन बिजागरीच्या मागे अधिक झाले, तर विशिष्ट वेगात तो फडफडू लागतो आणि क्षणार्धात शेपटी मोडू शकते. म्हणून एलिव्हेटरच्या पुढील टोकास शिशाचे वजन बसवितात. रंग दिल्यावर तोल पुन्हा तपासावा लागतो.

कवच एकदा बंद झाले की आतील काम सहसा दृष्टीस पडत नाही. तेथे बांधणाऱ्यालाच स्वतःचा कठोर तपासनीस व्हावे लागते.